चार कोपऱ्यांची नावं

पवित्रा कबनूरहून रोज सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला यायची. राजारामपुरीत पाचव्या गल्लीला, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या माडीवर बाळासो चौगुल्यांचं ऑफिस होतं. बाळासो आधी स्क्रीन प्रिंटिंग करायचे. पुढं जमाना वेबसाइटचा येणार असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, तशी त्यांनी शाईचे डबे हलवले आणि त्या जागी तीन कॉम्प्युटर मांडले. २००५ साल होतं. गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, "वेबसाइट करून देशीला हो, पण ती ठेवायची कुठं?" बाळासो त्याला चहा पाजून तासभर समजावून सांगत. प्रत्यक्ष काम करणारी माणसं दोनच. एक पवित्रा, दुसरा राजवर्धन.

राजवर्धन राधानगरीकडचा. घरी ऊस, आठ म्हशी, वडील गणपतराव गावात वजनदार. पोरगा बोलायला पटाईत. गिऱ्हाइकाशी मराठीत, फोनवर हिंदीत आणि परदेशी पत्त्यावरच्या मेलला इंग्रजीत, कुठंच अडायचा नाही. पवित्रा त्याच्या अगदी उलट. बोलणं मोजकं, पण एखादी अडचण हातात घेतली की ती सुटेपर्यंत डबा उघडायची नाही. तिच्या घरी यंत्रमाग होते. वडील ईरप्पा माग चालवायचे, आई दानम्मा सुताच्या कांड्या भरायची, आणि घरातलं बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी.

त्या वर्षी हुपरीचा एक चांदीचा व्यापारी आला. पवित्रानं त्याची वेबसाइट करून दाखवली. पैंजण, करदोडे, वाळे, प्रत्येकाचा फोटो आणि माहिती एकेका चौकटीत. व्यापाऱ्यानं तोंड वाकडं केलं.

"हे डबं टोचत्यात की हो डोळ्याला. आमच्या दागिन्यांच्या पेट्या बघा, कोपरं कसं गोल असत्यात. तसं करा."

"हाय काय त्यात, उद्या देतो," बाळासो म्हणाले. त्या उद्याला तीन आठवडे लागले.

त्या काळी ब्राउझरला चौकोनी डबाच तेवढा कळायचा. गोल कोपरा पाहिजे असेल तर गोलाईचं चित्र काढायचं, त्याचे चार तुकडे करायचे आणि ते चारी कोपऱ्यांना डकवायचे. एवढं करूनही ते सगळीकडं सारखं दिसेल याची खात्री नाही. ऑफिसात दोन ब्राउझर होते. एक निळ्या 'ई'चा, जो सगळ्या गिऱ्हाइकांकडं असायचा, आणि दुसरा नवा, कोल्ह्याच्या चित्राचा. कोल्ह्यात जे झकास दिसायचं ते 'ई'त फुटायचं. कधी कोपरा डब्यापासून सुटून बाजूला पडायचा, कधी मधेच पांढरी भेग दिसायची. त्यात मजकूर मराठी. वेलांट्या-उकारांनी ओळ उंच व्हायची, डबा खाली वाढायचा आणि खालचे दोन कोपरे होते तिथंच, मजकुराच्या पोटात राहायचे.

राजवर्धननं दोन दिवसांत हात टेकले. "सोड की गं. त्या म्हाताऱ्याला सांगू, चौकोनीच फॅशन हाय म्हणून."

पवित्रानं सोडलं नाही. एकाच मोठ्या गोल चित्रातून चारी कोपऱ्यांना आपापला तुकडा दिसेल असं तिनं केलं. चार डबे एकात एक घातले आणि प्रत्येकाला एकेक कोपरा सांभाळायला दिला. मजकूर वाढला की चौघंही बरोबरीनं वाढायचे. तरी 'ई'मध्ये खालचा उजवा कोपरा एक ठिपका सरकायचाच. का सरकतोय ते चार दिवस कळेना. पाचव्या दिवशी एसटीत दांडी धरून उभी असताना तिच्या ध्यानात आलं, की डब्याची उंची विषम आकड्यात आली तरच हे होतंय. ऑफिसात आल्या आल्या तिनं खालची कड मुद्दाम एक ठिपका जास्तीची ठेवली आणि बाहेर डोकावणारा भाग झाकून टाकला. दोन्ही ब्राउझर शेजारी शेजारी उघडले. चारही कोपरे दोन्हीकडं गोल, जागच्या जागी.

"राज, बघ."

राजवर्धन खुर्ची ओढून आला. बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं आत लिहिलेलं वाचायला घेतलं. कोपऱ्यांना नावं द्यावी लागतात. बाकीचे लोक वरचा-डावा, खालचा-उजवा अशी इंग्रजीत द्यायचे. पवित्रानं दिलेली नावं वेगळी होती.

"अव्वा? हे काय?"

"आम्ही घरात जेवायला बसतो तसं दिलंय," पवित्रा जरा लाजत म्हणाली. "वरती डावीकडं चुलीजवळ अव्वा. तिच्या शेजारी अप्पा. अव्वाच्या समोर अक्का, म्हंजे मी. आणि खाली उजवीकडं तम्मा."

"अव्वा म्हंजे आई व्हय?"

"व्हय. आणि तम्मा म्हंजे धाकटा भाऊ. आमचा शिवप्रसाद. जाग्यावर बसतच न्हाय, हा कोपरा सरकायचा तसाच."

राजवर्धन मोठ्यानं हसला. मग हळूच, बाळासोंच्या खोलीकडं एक नजर टाकून म्हणाला, "चारी जागा भरल्या की गं. मी कुठं बसू?"

पवित्राच्या कानापर्यंत रक्त चढलं. "आधी घरी तरी ये," ती म्हणाली.

त्या दिवसापासून दोघांचं ठरल्यासारखंच झालं. संध्याकाळी तो तिला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडायचा. एसटी लागेपर्यंत दोघं उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभी राहायची. तो मराठा, ती लिंगायत. घरी सोपं जाणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. "माझ्या घरचं माझ्याकडं लागलं," तो म्हणायचा, "आईला मी पटवतो. ऊस तुटून गेला की विषय काढतो."

ऊस तुटून गेला. विषय निघाला नाही. पण त्याला बंगळूरला नोकरी लागली. मोठी कंपनी, काचेची इमारत. निघताना स्टँडवर तो म्हणाला, "वर्षभर कळ काढ. पाय टेकले की बघ." पवित्रानं मान हलवली. तिला त्याचा इतका अभिमान वाटत होता की रडूसुद्धा आलं नाही.

ते वर्ष तिनं कसं काढलं ते दानम्माला ठाऊक. संकेश्वरचं स्थळ आलं, मग निपाणीचं, मग गडहिंग्लजच्या एका मास्तरांचं. पवित्रा प्रत्येकाला नाही म्हणत गेली. ईरप्पानं बोलणं टाकलं. शेवटी एका दुपारी तिनं आईला सगळं सांगून टाकलं. दानम्मानं कपाळाला हात लावला, आठ दिवस तिच्याशी धड बोलली नाही, आणि नवव्या दिवशी भाकरी थापताना विचारलं, "पोरगा कसा हाय?"

"चांगला हाय, अव्वा. माझं काम त्याला कळतं."

दानम्माला हे कारण अजब वाटलं असणार. पण हळूहळू ती निवळत गेली.

पुढच्या फेब्रुवारीत निळ्या 'ई'ची नवी आवृत्ती आली आणि हुपरीच्या वेबसाइटचे कोपरे पुन्हा फुटले. व्यापाऱ्याचा फोन आला. जगात दुसऱ्या कुणी तोड काढलीय का बघावं म्हणून पवित्रानं शोध घेतला. इंग्रजीतला एक लेख सगळ्यात वर आला. 'कुठल्याही ब्राउझरमध्ये न फुटणारे गोल कोपरे'. तिनं उघडला.

पहिल्या परिच्छेदातच तिला हुपरीचे पैंजण दिसले. तिनंच काढलेलं चित्र. खाली एकात एक घातलेले चार डबे. विषम उंचीची भानगड. एक ठिपका जास्तीची कड. सगळं ओळीनं, सोपं करून, छान समजावून सांगितलेलं. आणि डब्यांची नावं, तीच. वरती लेखकाचा फोटो होता. काचेच्या इमारतीसमोर हसणारा राजवर्धन.

पहिल्यांदा तिला आनंदच झाला, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. आपण केलेलं एवढ्या लोकांना उपयोगी पडतंय. खाली सत्तर-ऐंशी जणांनी आभार मानले होते. कोण जर्मनीतला, कोण ब्राझीलचा. आपलं नाव कुठं आलंय ते बघत ती खाली गेली. पुन्हा वर आली. नाव नव्हतं. बरोबर काम करणारी, ऑफिसातली एक मुलगी, असंसुद्धा काही नव्हतं. 'मी तीन आठवडे झगडलो,' असं त्यानं लिहिलं होतं.

तेही तिनं गिळलं असतं. पण खाली एका बाईनं विचारलं होतं, ही नावं फार गोड आहेत, यांचा अर्थ काय? आणि त्यावर राजवर्धनचं उत्तर होतं. 'आमच्या भाषेत अव्वा म्हणजे आई, अप्पा म्हणजे वडील, अक्का मोठी बहीण आणि तम्मा धाकटा भाऊ. लहानपणी माझ्या घरी आम्ही असेच जेवायला बसायचो. अव्वा नेहमी चुलीजवळ.'

पवित्रानं ते तीनदा वाचलं. राजवर्धनच्या आईचं नाव तानाबाई. तो तिला आई म्हणायचा. त्याला बहीणही नव्हती.

जिन्यात जाऊन तिनं त्याला फोन लावला.

"वाचलास व्हय?" तो खुशीत ओरडला. "मीच सांगणार होतो तुला. कसा झालाय?"

"चांगला झालाय. माझं नाव न्हाय त्यात."

"अगं, तुझं-माझं काय वेगळं हाय? आपलंच की ते."

"आपलं हाय तर माझं नाव घाल."

"घालतो की. आज-उद्या घालतो. त्यात काय एवढं?"

फेब्रुवारी गेला, मार्च अर्धा सरला. पवित्रा रोज सकाळी एसटीतून उतरून आली की आधी तो लेख उघडायची. कामाचा व्याप असेल, विसरला असेल, असं स्वतःला समजवायची. दोन वेळा फोनवर आठवण केली. दोन्ही वेळा तो म्हणाला, "झालंच समज."

शेवटी एका गुरुवारी तिनंच लेखाखाली लिहायचं ठरवलं. इंग्रजी तिला तेवढं जमायचं नाही. डिक्शनरी घेऊन अर्धा दिवस बसली. भांडण नको होतं तिला, त्याची फजितीही नको होती. लिहिलं एवढंच, 'ही चार नावं माझ्या घरातली आहेत. कोपरे मी आणि राजवर्धननं कोल्हापुरात केले. पवित्रा.' 'मी आणि राजवर्धननं' हे लिहितानाही तिचा हात अडखळला नाही. बटण दाबलं. पान परत आलं आणि सगळ्यात खाली तिचं नाव होतं. जर्मनीतल्या माणसाच्या खाली, ब्राझीलच्या माणसाच्या खाली. पवित्रा, कोल्हापूर.

ऑफिस सुटेपर्यंत नाव तिथंच होतं. त्यानं ते राहू दिलं म्हणजे सगळं आलं, असं तिला वाटलं. संध्याकाळी घरी गेली ती आईच्या गळ्यातच पडली. दानम्मा म्हणाली, "एवढी खूश हाईस तर आता त्याला एकदा घेऊन ये. तुझ्या अप्पाला मी बघते. सोमवारी जेवायला बोलव." पवित्राला दोन वर्षं जे ऐकायचं होतं ते त्या दिवशी ऐकायला मिळालं.

शुक्रवारी तिनं पुन्हा ते पान उघडलं. नाव होतं. मग निव्वळ सवयीनं, रोज प्रत्येक काम दोन्हीकडं तपासायची तशी, तिनं तेच पान निळ्या 'ई'मध्ये उघडलं. खालपर्यंत गेली. शेवटचं नाव ब्राझीलच्या माणसाचं होतं. तिनं पान ताजं करून पाहिलं. बाळासोंच्या कॉम्प्युटरवर जाऊन पाहिलं. कुठंच नाही. परत आपल्या जागेवर येऊन कोल्ह्यात पाहिलं, तिथं मात्र आहे.

मग तिला उमगलं. ब्लॉगची ही रीत तिला माहीत होती, आनंदात सुचली नव्हती एवढंच. मालकानं मंजूर करीपर्यंत लिहिलेलं फक्त लिहिणाऱ्यालाच दिसतं, ते पण ज्या ब्राउझरमधून लिहिलं त्यातच. बाकी जगासाठी ते नसतंच. काल संध्याकाळी त्यानं वरच्या दोघांना त्यांच्या-त्यांच्या प्रश्नाखालीच उत्तरं दिली होती. म्हणजे आत येऊन गेला होता. तिचं वाचलं होतं आणि तसंच ठेवून दिलं होतं.

शनिवारी दुपारी जिन्यात बुटांचा आवाज झाला. राजवर्धन पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता. गावी चाललो होतो, वाटेत डोकावलो, म्हणाला. त्याला बढती मिळाली होती आणि पुढच्या महिन्यात बंगळूरला शंभर लोकांसमोर त्या लेखावर बोलायचं होतं. बाळासोंची छाती फुगली. "आमच्या हापिसातला गडी बंगळूरवाल्यांना शिकवतोय! पवित्रा, पेढा घे की."

तिनं पेढा घेतला नाही.

"राज, तुझ्या घरात आईला काय म्हणतात?"

"आई. का गं?"

"मग चुलीजवळ बसायची ती अव्वा कोण?"

बाळासो हसत हसत दोघांकडं बघत राहिले. त्यांना काही कळलं नाही. राजवर्धनचा चेहरा मात्र उतरला. "जरा बाहेर ये," तो म्हणाला.

जिन्यात त्यानं आवाज खाली आणला. "पवी, इंटरव्ह्यूला मी हेच दाखवलं होतं. मीच केलंय म्हणून. आता तुझी कॉमेंट सोडली तर लोक काय म्हणतील? नोकरी जाईल माझी."

"आणि आईवडील? ते पण इंटरव्ह्यूला लागत होते?"

"अगं, त्या बाईनं विचारलं, सुचलं ते लिहिलं. लोकांना आवडतं असलं." तो तिच्या जवळ सरकला. "लग्न झालं की तुझं घर ते माझंच की. मग खोटं कसं झालं ते?"

"घरी बोललास?"

तो पायरीकडं बघत राहिला. "आईला म्हटलं, ऊस तुटून जाऊ दे."

"मागल्या साली पण ऊसच होता."

खाली दुकानात कुणीतरी शंभर पानी वही मागत होतं. पवित्रानं कठड्यावरचा हात काढला.

"अव्वानं सोमवारी तुला जेवायला बोलवलंय," ती म्हणाली.

त्याचा चेहरा एकदम खुलला. "मग येतो की! किती वाजता येऊ?"

तेवढ्या एका क्षणात तिच्या आत काहीतरी तुटलं. त्यानं माफी मागितली असती, नाहीतर शरमेनं येत नाही म्हणाला असता, तरी तिनं पुढचं पाहिलं असतं. पण हा येईल. चुलीजवळ बसलेल्या आईच्या हातचं पोटभर खाईल, तिला गोड बोलून खूश करील, आणि ते घरसुद्धा आपलं म्हणून बंगळूरला नेऊन सांगेल.

"येऊ नको," पवित्रा म्हणाली. "तिला सांगेन मी."

"पवी, एवढ्याशा कोपऱ्यापायी..."

"जा, राज. तुझी राधानगरीची गाडी चुकंल."

तो गेला. सोमवारी त्याचे चार फोन आले, मंगळवारी दोन, पुढं एकही नाही. पुढल्या वैशाखात त्याचं लग्न झालं. पोरगी त्यांच्यातलीच, गणपतरावांनी बघितलेली. आणखी काही वर्षांनी ब्राउझर शहाणे झाले. गोल कोपरा एका ओळीत व्हायला लागला आणि तो लेख कुणी उघडेनासं झालं. पवित्रानं बाळासोंचं ऑफिस सोडलं नाही. दोन वर्षांत तिथलं सगळं काम तीच बघायला लागली. पण हे सगळं नंतरचं.

त्या शनिवारी ती कबनूरला उतरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घरात दानम्मा निवडणटिपण करत होती. सोमवारसाठी तिनं शेजारच्या धोंडुबाईकडून मोठं पातेलंही आणून ठेवलं होतं. पलीकडच्या शेडमध्ये माग धडधडत होते.

"किती जण येणार? एकटाच की आईबापाला घेऊन?"

"कुणीच येणार न्हाय, अव्वा."

"न्हाय म्हंजे?"

पवित्रा भिंतीला टेकून खाली बसली. कसं सांगायचं? कोपरे काय, ब्राउझर काय, लेख काय. शेवटी ती म्हणाली, "त्यानं परक्या लोकांना सांगितलं, अव्वा ही माझी आई म्हणून. चुलीजवळ बसते म्हणून. तू, अप्पा, सगळी त्याचीच म्हणून सांगितलं. आणि मी खरं लिहिलं ते दाबून ठेवलं."

दानम्मा हातातलं सूप तसंच धरून तिच्याकडं बघत राहिली. "माझं नाव घेऊन काय करायचं हाय त्याला?" ती खरोखरच बुचकळ्यात पडून म्हणाली. "आन् जावई म्हणून आला असता तर मी झालेच असते की त्याची आई."

पवित्राला हुंदका आला आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली. लोडशेडिंगची वेळ. शेडमधले माग एकेक करून थांबले आणि सगळ्या गल्लीत एकदम शांतता पडली. एवढी, की पलीकडं ईरप्पा खोकलेले ऐकू आले. शेजारी धोंडुबाई कुणाशी बोलतेय तो शब्द न् शब्द ऐकू आला. पवित्रानं ओढणी तोंडात कोंबली. ती आवाज बाहेर येऊ देत नव्हती. दानम्मानं सूप बाजूला ठेवलं, तिच्याजवळ येऊन बसली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. तशी दोघी कितीतरी वेळ बसून राहिल्या. ईरप्पा एकदा दारापर्यंत आले, आत बघितलं, काही न विचारता मागं फिरले.

दोन तासांनी वीज आली. आधी एक माग सुरू झाला, मग दुसरा, मग आख्खी गल्ली धडधडायला लागली. दानम्मानं लेकीच्या तोंडातली ओढणी सोडवली.

"रड आता," ती तिच्या कानाशी वाकून म्हणाली. "कुणाला ऐकू जात न्हाय."